के. आर. पुरमची धुक्यातली पहाट

डिसेंबर-जानेवारीत एखादी पहाट अशी येते, की बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरमच्या झुलत्या पुलावरून खालचे रेल्वेचे रूळ दिसेनासे होतात. गाडीची शिट्टी तेवढी ऐकू येते. २००३ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल म्हणजे शहरात येण्याजाण्याचे एक मोठे दारच. इथून जुना मद्रास रस्ता होसकोटे आणि कोलारकडे जातो. मराठी माणसाला ही नावे परकी वाटू नयेत. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले. त्यानंतर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तीत बंगळूरबरोबर होसकोटे आणि कोलारही होते.

आज या वाटेवर भाजीपाल्याचे टेम्पो, दुधाच्या किटल्या बांधलेल्या मोटारसायकली आणि रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार भेटतात. रविवारी त्यांत भर पडते ती नंदी डोंगरावर सूर्योदय पाहायला निघालेल्या तरुणांची. त्यांत व्हाइटफील्डच्या संगणक कंपन्यांत नोकरीला आलेली पुण्या-नागपूरची मुलेही असतात. नंदी डोंगर १४७८ मीटर उंच, इथून ५०-६० किलोमीटरवर. सूर्य उगवायच्या आत पोहोचायचे, तर अंधारातच निघावे लागते आणि नेमके तेव्हाच धुके दाट असते.

तळ्याकाठची पांढरी भिंत

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले, की रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतच्या हवेतली वाफ गोठत नाही, पण तिचे बारीक थेंब होतात. हेच धुके. पाण्याजवळ ते अधिक साचते. के. आर. पुरम सोडून होसकोट्याकडे निघाले, की रस्त्याच्या कडेला येले मल्लप्पा शेट्टी तलाव लागतो. गावातल्या दिव्यांच्या उजेडातून आलेला चालक अशा ठिकाणी अचानक पांढऱ्या भिंतीत शिरल्यासारखा होतो.

दिसेनासे झाले, की त्याचा अंगठा आपोआप बटणाकडे जातो आणि दिवा अप्परवर येतो. इथेच घोटाळा होतो. अप्परचा झोत सरळ समोर आणि वर जातो. हवेतला प्रत्येक थेंब तो उजेड चहूकडे उधळतो आणि त्यातला बराचसा चालकाच्याच डोळ्यांत परत येतो. उजेड वाढतो आणि रस्ता मात्र हरवतो. समोरून येणाऱ्याचेही डोळे दिपतात, ते वेगळेच. डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो, म्हणून डोळ्यांसमोरचे धुके कमी उजळते आणि पुढचा डांबराचा तुकडा दिसू लागतो.

पिवळा की पांढरा?

पिवळा दिवा धुके कापतो, असे गॅरेजमध्ये हमखास सांगितले जाते. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत मोटारींना पिवळेच हेडलाइट लागत. परंतु धुक्याचे थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात. पिवळा उजेड काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, इतकेच. खरा फरक पडतो तो दिवा कुठे बसवला आहे आणि झोत कुठे पडतो याने. फॉग लॅम्प खाली बसवतात आणि त्याचा झोत रुंद, बुटका ठेवतात, तो यासाठीच. हँडलवर उंच बसवलेले प्रखर एलईडी दिवे धुक्यात उलटाच परिणाम करतात.

जुन्या मोटारसायकलींची अडचण वेगळी होती. वेग कमी केला की दिवा मंदावायचा, म्हणून चालक थांबल्या जागी रेस वाढवायचा. आता तसे राहिले नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. अप्पर की डिपर, एवढाच निर्णय चालकाच्या हाती उरतो.

मागे कोणी बसले, की गाडीची मागची बाजू दबते आणि डिपरचा झोतही वर उचलला जातो. निघण्यापूर्वी मागच्या व्यक्तीला बसवून, गाडी भिंतीसमोर उभी करून झोत पाहावा. वर जात असेल, तर मेकॅनिककडून दिवा खाली करून घ्यावा.

वेगाचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. धोका ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सुमारे ४० मीटर लागतात. दवाने ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. धुक्यात ३० मीटरच दिसत असेल आणि पुढे दिवे न लावता ट्रक उभा असेल, तर कोणताही दिवा उपयोगी पडत नाही. तेच ताशी ३० वर गाडी १५ ते २० मीटरांत थांबू शकते. दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, तोच धुक्यातला वेग.

बाकी गोष्टी लहान, पण मोलाच्या. हेल्मेटची काच वाफेने धूसर होते, ती किंचित उघडी ठेवावी. मागचा लाल दिवा पुसून घ्यावा. पुढच्या ट्रकच्या दिव्यामागे चिकटून जाऊ नये, कारण तो थांबला तर आपल्याला थांबायला जागा उरत नाही. काहीच दिसेनासे झाले, तर रस्त्याच्या कडेला न थांबता पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात गाडी घ्यावी.

ऊन चढले, की हेच धुके बघता बघता विरते. नंदीवरचा सूर्योदय पुढच्या रविवारीही असतो. घरच्यांनी पहाटे निघणाऱ्या मुलाला स्वेटरची आठवण करून द्यावी आणि जोडीला डिपरचीही.