पाहुण्याला काय हवं आहे?

पाहुणचार म्हणजे आग्रह, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की पानात आणखी एक पुरणपोळी पडली नाही, तर काहीतरी कमी राहिल्याची रुखरुख वाढणाऱ्यालाही लागते आणि जेवणाऱ्यालाही. पुण्याच्या पेठेतल्या आमच्या घरी नातेवाइकांचा, मुलांच्या मित्रांचा आणि ज्येष्ठ महिन्यात वारकऱ्यांचा राबता असतो. इतकी वर्षं तो पाहिल्यावर माझं मत मात्र वेगळं झालं आहे. पाहुण्याला काय हवं आहे ते आधी पाहावं आणि आपल्याला काय काय करता येतं ते नंतर. यात नवीन काही नाही असं कुणी म्हणेल, पण आपल्याकडे प्रत्यक्षात घडतं ते उलट. बेत आधी ठरतो, किराणा आणला जातो, ठेवणीतली ताटं निघतात, आणि येणाऱ्याला मधुमेह आहे किंवा त्याचा उपास आहे हे तो पाटावर बसल्यावर कळतं.

वारीचे दिवस याबाबतीत फार शिकवतात. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. पहिली भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात उतरते, दुसरी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. दोन्ही पालख्यांचा इथे दोन रात्रींचा मुक्काम असतो. दिंड्या शाळांत, धर्मशाळांत, वाड्यांत आणि लोकांच्या घरांतही उतरतात. दारात आलेला माणूस दिवसभर चाललेला असतो, बऱ्याचदा भिजलेलाही असतो. त्याला सर्वांत आधी जिलबी नको असते. अंगावरचे कपडे पिळून वाळत घालायला दोरी, आंघोळीला बादलीभर कढत पाणी, पाय सोडून बसायला भिंतीची टेकण आणि तळपायाला चोळायला वाटीभर कोमट तेल, एवढं मिळालं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. त्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतील, तर कोरडं फडकं आणि मलमाची डबी पक्वान्नाहून मोलाची. त्यानंतर गरम पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात पुरतो. याच सुमाराला ज्येष्ठ वद्य एकादशी येते. ती लक्षात न ठेवता हौसेनं पोळ्यांची चवड रचणाऱ्या घरात माणसं हात जोडून नुसत्या चहावर उठतात. त्याच घरात भगर आणि दाण्याची आमटी असती, तर ती पोटभर जेवून दिवे घाटाच्या वाटेला लागली असती. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा आहे आणि घाट उभा आहे. तिथे आपली हौस कामाला येत नाही, आदल्या रात्री मिळालेली झोप येते. म्हणून रात्री दिवे लवकर मालवणं आणि घरातला टीव्ही बंद ठेवणं, हाही मला पाहुणचाराचाच भाग वाटतो.

ही जाण काही वारीपुरती नाही. आपल्या खेड्यांतून अजूनही उन्हातून आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, मग गूळ-पाणी, आणि ख्यालीखुशाली त्यानंतर विचारतात. या क्रमामागे आलेल्याच्या देहाचा विचार आहे. पुण्यात पूर्वी शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत, आठवड्याच्या सात दिवसांची सात घरं. ही सोय जातीच्या चौकटीतली होती आणि सगळ्यांना ती मिळत नव्हती, हेही सांगायला हवं. पण त्या व्यवस्थेतही दोन तऱ्हेची घरं होती. काही घरांत मुलाचं पान बाजूला मांडत आणि उरलंसुरलं वाढत. काही घरांत त्याचा पाट घरच्या मुलांच्या शेजारी असे आणि त्यांच्या पानात पडेल ते त्याच्याही पानात पडे. त्या पोराला हवी होती बरोबरीची जागा, आणि ती द्यायला यजमानाला पदरचा एक पैसाही जास्त खर्चावा लागत नव्हता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आपली माणसं भिडस्त असतात. ‘नको, पुरे’ हे आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलंच असतं. तेवढ्यावर थांबलं तर पाहुणा अर्धपोटी उठेल. म्हणून मी विचारूच नये असं म्हणत नाही. एकदा विचारावं, पुन्हा एकदा विचारावं, आणि मग भांडी त्याच्या हाताशी ठेवून आपण आपल्या जेवणाकडे वळावं. भिडस्त माणूस कुणी पाहत नसलं की वाढून घेतो. तिसऱ्यांदा, पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढलेला भात तो नाइलाजानं खातो, आणि अन्न टाकू नये असं लहानपणापासून शिकलेल्या माणसाला तो शेवटचा घास फार जड जातो. पोटाचं दुखणं असलेल्यावर किंवा साखर सांभाळणाऱ्यावर तर हा सरळ अन्याय आहे.

दुसरा आक्षेप कंजूषपणाचा. साधं केलं तर लोक काय म्हणतील? लोक काय पाहतात याचा मी वेगळा हिशेब मांडते. पाहुणा आल्यापासून घरातली बाई ओट्यापाशी उभी आहे, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटी बसते, तिच्या वाटणीला गार पोळी येते, हे त्याला दिसत असतं. त्या घरी दोन दिवस राहायचं ठरवून आलेला माणूस एका दिवसात निघतो. वरण-भात, एक भाजी आणि कोशिंबीर करून सगळे एकत्र बसले, तर बोलणं होतं, आणि माणसं बहुधा त्यासाठीच आलेली असतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला असलेल्या दोन खोल्यांच्या घरात तर दुसरा मार्गच नाही. तिथे लपवाछपवी न करता सांगून टाकावं: पाणी सकाळी सातपर्यंतच येतं, गिझरचं बटण हे, किल्ली शेजारच्या काकूंकडे, डबा फ्रिजमध्ये. बिचकत वावरणाऱ्या पाहुण्याला एवढ्या माहितीनं किती मोकळं वाटतं, ते त्यानं स्वतःहून चहा ठेवला की कळतं.

निघण्याच्या वेळीही हेच. ‘राहा अजून एक दिवस’ हे मनापासून एकदा म्हणावं. एस.टी. पकडायच्या घाईत असलेल्याला उंबऱ्यात अडवून त्याच्या हातात जड डबे कोंबू नयेत. त्याच्याकडे सामान किती आहे ते पाहावं, पाण्याची बाटली भरून द्यावी, प्रवासात हाताला तेल न लागता खाता येईल असं काही बांधून द्यावं, आणि स्टँडपर्यंत रिक्षा मिळेल का याची चौकशी त्याच्याआधी आपण करून ठेवावी.