गाडीचा ऑइल फिल्टर घेताना

मुलाच्या बुलेटचं ऑइल बदलायचं होतं, म्हणून फिल्टर आणायला तालुक्याला गेलो. दुकानदाराने दोन फिल्टर समोर ठेवले. एक कंपनीचा, दुसरा निम्म्या किमतीचा. म्हणाला, "बसतोय की, घेऊन जा."

पण नुसतं बसणं वेगळं अन् गाळणं वेगळं. आपला ठिबकचा फिल्टर बघा. जाळीचं रबर नीट बसलं नाही तर पाणी बाजूनेच जातं अन् ड्रिपर चोकअप होतात. इंजिनातही तेच. फिल्टर उंचीला जरा कमी भरला की ऑइल कागदातून न जाता बाजूने पळतं, धातूचा बारीक कीस बेअरिंगपर्यंत पोचतो. ठिबकची लाईन फ्लश करता येते, इंजिन मात्र खोलावं लागतं.

जुना फिल्टर सोबत नेलेला. उंची, मधलं भोक, रबर जुळवलं, पार्ट नंबर पाहिला. स्वस्तातल्याच्या घड्या कमी अन् कडेचा गोंद सुटलेला. कंपनीचाच घेतला, रबरी रिंगा पण नव्या घेतल्या.

स्प्लेंडरवाल्यांनी मात्र कागदी फिल्टर शोधत बसू नका. तिच्यात जाळी असते, ती मेकॅनिककडून धुऊन घ्या.