आम्ही हिशेब देतो, तुम्हीही द्या

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. सासर सांगलीचे. माहेरच्या डोंगरात कोयनेचे पाणी अडवून वीज होते. सासरच्या जिल्ह्यात, पूर्वेला जत-आटपाडीकडे, वीज चालू असली तरच कॅनॉलला पाणी येते. त्यामुळे वीज आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला कधी वाटलेच नाही. घरात दोन्हींचा हिशेब बाईच्याच पदरात पडतो. म्हणून आज त्यावर चार शब्द लिहिते आहे.

आमचे घर दोन खोल्यांचे, वर पत्रा. मालक मार्केट यार्डात हमाली करतात, मी घरी शिलाई करते. मुलगी कॉलेजला आहे, रात्री अभ्यासाला बसते. दोन पंखे, तीन दिवे, एक टीव्ही आणि शिलाई मशिनची मोटार, एवढाच आमचा विजेचा पसारा. महिन्याचे युनिट १०० च्या आत ठेवायचे, हा घरचा नियम. कारण १०० च्या वर जे युनिट जातात, त्यांना चढा दर लागतो.

हा नियम पाळायचा तर थोडे गणित यावे लागते. १००० वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. जुना ६० वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट खायचा. ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात दीड युनिटसुद्धा घेत नाही. ७५ वॉटचा पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याचे साडेबावीस युनिट. हे आकडे मी मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. पाण्याचेही तसेच. कपडे धुतलेले पाणी संडासात जाते, भांडी विसळलेले पाणी दारातल्या कढीपत्त्याला. नळ येतो त्या वेळेत शिलाई बंद, पाणी आधी.

रस्त्यावर पाट्या लागतात, ‘वीज वाचवा’, ‘पाणी जपून वापरा’. चांगली गोष्ट आहे. पण त्या पाट्या वाचताना मनात येते की, बायांनो, आपल्याला हे नव्याने कोण शिकवणार? ज्या घरात काडेपेटीच्या काड्याही मोजून वापरल्या, त्या घराला काटकसर सांगावी लागत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. आम्ही एकेका युनिटचा हिशेब ठेवतो आणि देतो. मग जे सरकार आमच्या नावाने धरणे बांधते, दर ठरवते, योजना काढते, त्याने आम्हाला हिशेब कधी द्यायचा?

कोयनेचेच बघा. धरण बांधले १९५० आणि ६० च्या दशकांत. नदीचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या पोटातल्या पोफळीच्या वीजघरात सोडले आणि त्यावर मुंबईचे कारखाने चालले. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज कोयना प्रकल्पाची क्षमता १९०० मेगावॉटहून जास्त आहे. महाराष्ट्राच्या घराघरांत उजेड आला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यासाठी किती गावे पाण्याखाली गेली, किती माणसे घरदार सोडून निघाली! त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो पहिल्यांदा केला १९७६ साली. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात दीडशेहून जास्त माणसे गेली. आई सांगायची, त्या पहाटे चुलीवरची भांडी अंगावर आली. आणि २०१८ साली, धरण होऊन पन्नासहून जास्त वर्षे झाल्यावरही, कोयना धरणग्रस्त आपल्या हक्काच्या जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. माहेरच्या गावात खांब आले ते आधी गावठाणात, आमच्या वस्तीत मागाहून. विजेच्या दारात राहून आम्ही चिमणीवर अभ्यास केला. वीज कुणाच्या जिवावर झाली आणि आधी कुणाकडे गेली, हाही हिशेबाचाच भाग आहे.

बाबासाहेबांनी हा हिशेब लहानपणीच ओळखला होता. ते साताऱ्याच्या शाळेत शिकले. तिथे तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान घेऊन घरी. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तोच मुलगा १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला, आणि वीज व पाटबंधारे ही कामेही त्याच खात्याकडे होती. दामोदर नदीच्या खोऱ्याची योजना त्यांच्याच काळात आकाराला आली. १९४३ साली विजेसंबंधीच्या समितीपुढे बोलताना त्यांनी मांडले की, वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, कारण नुसत्या शेतीवर या देशाच्या गरिबाचे पोट भरणार नाही, कारखाने हवेत आणि त्यांना वीज हवी. म्हणजे त्यांच्या लेखी वीज ही श्रीमंताघरची चैन नव्हती. गरिबीतून बाहेर पडायची ती वाट होती. ज्याला नळाला हात लावू दिला नाही, त्याने देशाच्या पाण्याचा आणि विजेचा विचार केला. म्हणून नळ आणि मीटर यांच्याबद्दल प्रश्न विचारणे हे आपल्यासाठी किरकोळ काम नाही.

आता सासरच्या बाजूला या. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडी-कवठेमहांकाळकडे चढवतात. म्हैसाळला मिरज तालुक्यात पाणी उचलून जतकडे नेतात. ताकारीही तशीच. पाणी डोंगर चढते ते पंपाने, आणि पंप चालतो विजेने. कित्येक वर्षे असे व्हायचे की या योजनांचे वीजबिल थकायचे, पंप बंद पडायचे, आणि खाली कृष्णा वाहत असताना वर पिके वाळायची, टँकर फिरायचे. लोकांनी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. शेवटी बिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे असे ठरले. ही सुबुद्धी सरकारला आपोआप सुचली नाही, लोकांनी वर्षानुवर्षे विचारले म्हणून सुचली. याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने लातूरला पाणी गेले. तहानलेल्यांना पाणी दिले याचे समाधान वाटले. पण ते पाणी बघायला स्टेशनवर गेलेल्या कुणाला तरी वाटलेच असेल की, आमच्या जतच्या बाईच्या डोक्यावरची घागर कधी उतरणार?

२०२१ साली तर राज्यातल्या अनेक गावांत रस्त्यावरचे दिवे तोडले गेले, कारण ग्रामपंचायतींची बिले थकली होती. ती ग्रामपंचायतीने भरायची की वरच्या सरकारने, यावर वाद चालू राहिला. वाद कागदावर होता, अंधार मात्र रस्त्यावर. आमच्यासारख्याचे बिल थकले तर आमचे घर अंधारात बसते, ते एक वेळ समजते. सरकारचे बिल थकले तरीही अंधारात आपणच कसे?

सर्वांच्या आठवणीतला प्रसंग २०२० च्या टाळेबंदीचा. मार्चअखेरीपासून घरोघरचे मीटर वाचणे बंद झाले. आधीच्या महिन्यांवरून सरासरीची बिले आली. ती थंडीच्या दिवसांतल्या वापराची, आणि आम्ही तर भर उन्हाळ्यात सगळे घरातच. जूनमध्ये रीडिंग घेऊन तीन महिन्यांचा फरक एकदम आला तेव्हा राज्यभर ओरड झाली. आमच्या गल्लीतल्या बाया बिले घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसल्या. यार्ड बंद, धुण्याभांड्याची कामे बंद, हातात पैसा नाही. मी एकेक बिल घेऊन बघितले की तीन महिन्यांचे युनिट तीन महिन्यांत वाटलेत की नाही. समजा २४० युनिट आले, तर ते महिन्याला ८० धरून खालच्या दराने लागले पाहिजेत. एकाच महिन्यात २४० धरले तर १४० युनिटना चढा दर बसेल. आमच्या गल्लीतल्या बिलांत वाटणी बरोबर होती. ती बरोबर आहे हे कळल्यावर निम्मी भीती गेली. उरला तो पैशाचा प्रश्न.

त्या वेळी ऊर्जामंत्री होते डॉ. नितीन राऊत, आपल्या समाजातले, आपल्या चळवळीतले. दिवाळीच्या आधी सवलतीची भाषा झाली. दिवाळी संपली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनीच सांगितले की सवलत मिळणार नाही, बिल भरावे लागेल. गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणाले, “आपला माणूस आहे, त्याला कशाला बोलायचं?” मी म्हटले, “आपला माणूस आहे म्हणूनच विचारायचं. परक्याला विचारायला तोंड उघडतं आणि आपल्यापुढं मिटतं, तर मग हिशेब कसला?” याच मंत्र्यांच्या काळात २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या मुदतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना प्राधान्याने वीजजोडणी, आणि ५०० रुपयांची अनामत पाच हप्त्यांत भरायची सोय. हे चांगले काम झाले आणि ते मी चांगलेच म्हणते. हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. जमा लिहायची आणि नावे खोडायचे, हे आपल्याला शोभत नाही.

असेच दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपल्याही वस्त्यांत तारेवर आकडा टाकणारे आहेत. त्यांचे म्हणणे असते, “सरकार बड्यांचं बुडवून घेतं, मग आपणच का भरायचं?” मी त्यांना एवढेच सांगते की, आकड्याची वीज जिवाला घातक आहे. शिवाय ज्याचा मीटर चालू, त्याचाच आवाज चालू. चोरीचा उजेड घेतलेला माणूस कचेरीत उभा राहून जाब विचारू शकत नाही. तो साहेबापुढे खाली मान घालतो, आणि साहेबाला तेच हवे असते.

आता विचारायचे कसे, ते सांगते. २००३ चा वीज कायदा आपल्याही बाजूने काही बोलतो. बिल थकले तरी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय जोडणी तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची जुनी बाकी दर बिलात सतत दाखवलेली नसेल, तर ती अचानक वसूल करता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असे लिहून मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. दर वाढवण्याआधी वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्या साध्या माणसालाही देता येतात. आणि २००५ चा माहितीचा अधिकार तर आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही पैसे लागत नाहीत. आपल्या वस्तीतल्या नळयोजनेवर किती खर्च झाला, दिवाबत्तीचे पैसे कुठे गेले, हे त्यात विचारता येते.

भगिनींनो, बिल आले की नुसता खालचा आकडा बघून डब्यात ठेवू नका. मागचे रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा ताडून बघा. स्थिर आकार किती, वहन आकार किती, विद्युत शुल्क किती, ते मुलांकडून वाचून घ्या. ते विद्युत शुल्क थेट राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. म्हणजे पत्र्याच्या खोलीतली बाईसुद्धा दर महिन्याला सरकार चालवायला पैसे देते. पैसे देणारीने हिशेब मागितला तर त्याला भीक म्हणत नाहीत.

येत्या रविवारी आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणी आपापली वर्षभराची बिले घेऊन विहारात बसणार आहोत. मुली वाचतील, आम्ही ऐकू, आणि जिथे विचारायचे तिथे अर्ज लिहू. तुमच्याही वस्तीत असे बसता आले तर बसा. दोन तासांचे काम आहे, खर्च फक्त कागदाचा.