पॅरिसचा कॉमिक्स लिलाव : हातोडा पडला की खर्च सुरू

पॅरिसला जाणारे बहुतेक जण आयफेल टॉवर, लूव्र संग्रहालय आणि सीन नदीतली बोटीची फेरी करून परततात. पण तुमच्या घरात जुन्या कॉमिक्सचं वेड असणारं कुणी असेल, तर एक दुपार रिशेल्यू-द्रुओ या मेट्रो स्थानकासाठी राखून ठेवा. मेट्रोच्या ८ आणि ९ क्रमांकाच्या मार्गांवर हे स्थानक आहे. जिना चढून वर आलात की दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर 'ओतेल द्रुओ' दिसतं. नाव ऐकून हॉटेल समजू नका. इथे राहायला खोली मिळत नाही, इथल्या खोल्यांमध्ये लिलाव होतात.

१८५२ साली सुरू झालेलं हे पॅरिसचं सगळ्यात नावाजलेलं लिलावघर. आजची इमारत १९८० सालची आहे. तिचं काम चालू असताना काही वर्षं लिलाव ओर्से रेल्वे स्थानकात भरत असत. तेच स्थानक पुढे ओर्से संग्रहालय झालं, जिथे आज पर्यटकांच्या रांगा लागतात. द्रुओमध्ये मात्र रांग नाही आणि तिकीटही नाही. एका खोलीत चांदीची भांडी, दुसरीत गालिचे, तिसरीत कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ आणि एखाद्या दिवशी एका खोलीत टेबलांवर मांडलेली जुनी कॉमिक्स!

इथे कॉमिक्सला एवढा मान का?

फ्रान्स आणि बेल्जियममध्ये चित्रकथा हा फक्त मुलांचा खाऊ मानला जात नाही. टिनटिनचा जन्म १९२९ सालचा, ब्रुसेल्समधल्या एका वर्तमानपत्राच्या बालपुरवणीतला. अ‍ॅस्टेरिक्स १९५९ साली फ्रान्समध्ये अवतरला. ज्यांनी ती पहिली पुस्तकं लहानपणी वाचली, ती मुलं मोठी झाली, कमावती झाली आणि हरवलेलं बालपण परत विकत घेऊ लागली. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रद्दीत गेलेला एखादा अंक आज दिसला तर आपलाही हात खिशाकडे जातोच की!

या वेडाचं टोक पाहायचं असेल तर जानेवारी २०२१ मधला पॅरिसचाच एक लिलाव आठवा. टिनटिनचे निर्माते एर्जे यांनी १९३६ साली 'द ब्लू लोटस' या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एक रंगीत चित्र काढलं होतं. ते छापायला फार खर्च येईल म्हणून प्रकाशकाने नाकारलं. तेच चित्र ८५ वर्षांनी आर्तक्यूरिअल या लिलावसंस्थेत विक्रीला आलं. हातोडा पडला तेव्हा बोली होती २६ लाख युरो. खरेदीदाराला मात्र मोजावे लागले जवळजवळ ३२ लाख युरो.

मधले सहा लाख युरो कुठून आले? ते काही लपवलेले नव्हते. लिलावाच्या नियमांत आधीच छापलेले असतात. पण खोलीत बसून हात वर करताना ते कुणाच्या डोळ्यांसमोर नसतात. तुम्ही कोट्यवधींची बोली लावणार नाही हे खरं, पण तीनशे युरोच्या पुस्तकालाही हाच हिशेब लागू होतो.

आधी पाहा, मग बोला

द्रुओमध्ये साधारणपणे लिलावाच्या आदल्या दिवशी आणि लिलावाच्या दिवशी सकाळी वस्तू पाहायला ठेवतात. कुणीही आत जाऊ शकतं. पुस्तक हातात घेऊन पाहायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. पानं सुटलेली आहेत का, कणा नंतर चिकटवला आहे का, मुलाने पेनाने नाव लिहिलं आहे का, हे स्वतः पाहा.

सूचीतली लघुरूपंही समजून घ्या. 'ई.ओ.' म्हणजे पहिली आवृत्ती, 'टी.बी.ई.' म्हणजे खूप चांगली स्थिती. टिनटिनच्या पुस्तकांची आवृत्ती ओळखायला संग्राहक मागचं मुखपृष्ठ पाहतात. तिथे छापलेल्या पुस्तकांच्या यादीवरून साल ठरतं. समोरून सारखी दिसणारी दोन पुस्तकं मागच्या बाजूमुळे किमतीत कितीतरी वेगळी ठरू शकतात.

ही तपासणी इतकी महत्त्वाची, कारण दुकानातून ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करण्याचा जो हक्क युरोपात ग्राहकाला असतो, तो सार्वजनिक लिलावाला लागू नाही. लिलावदार 'आदजुजे' म्हणाला की वस्तू तुमची झाली.

सूचीत दिलेली अंदाजित किंमतही नीट वाचा. ती हातोड्याची किंमत असते. वरचे खर्च तिच्यात धरलेले नसतात.

किमतीवर चढणारे थर

पहिला थर खरेदीदाराच्या कमिशनचा. द्रुओ ही एकच विक्रेती संस्था नाही. तिथल्या खोल्यांमध्ये वेगवेगळ्या लिलावसंस्था आपापले लिलाव भरवतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन खोल्यांतलं कमिशनही वेगळं असू शकतं. करासह २५ ते ३० टक्के हा नेहमीचा आकडा आहे. प्रत्येक लिलावाच्या अटींत तो लिहिलेला असतो, तेवढं एक पान तरी आधी वाचा.

दुसरा थर ऑनलाइन बोलीचा. भारतात बसूनही भाग घेता येतो. पॅरिसमधले दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. चहाच्या कपाबरोबर बोली लावता येते, पण ज्या संकेतस्थळावरून बोली लावाल त्याचं शुल्क वेगळं. ते साधारण दीड ते तीन टक्के असतं आणि त्यावर कर लागतो.

तिसरा थर पॅकिंग, वाहतूक आणि विम्याचा. जुना कागद ओलाव्याला आणि दुमडीला घाबरतो. साधं पाकीट चालत नाही. कडक पुठ्ठा, प्लास्टिकचं आवरण आणि माग काढता येईल असं कुरिअर लागतं. आणखी एक गोष्ट, वस्तू ठरलेल्या मुदतीत उचलली नाही तर गोदामाचं भाडं सुरू होतं.

चौथा थर बँकेचा. परदेशी चलनातल्या खर्चावर अनेक भारतीय क्रेडिट कार्डं साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकारतात. त्या रकमेवर पुन्हा १८ टक्के जीएसटी.

पाचवा थर आपल्या कस्टम्सचा. शुल्क मोजताना वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमाही धरतात, म्हणजे महाग कुरिअर घेतलं की शुल्कही वाढतं. छापील पुस्तक, हाताने काढलेलं मूळ चित्र आणि संग्राह्य वस्तू यांचे वर्ग वेगळे आणि दरही वेगळे. म्हणून बिलावर वस्तूचं वर्णन नेमकं लिहून घ्या. 'कलेक्टिबल' असा मोघम शब्द असेल तर पार्सल अडकून बसू शकतं. शिवाय कस्टम्सची कागदपत्रं करून देण्याबद्दल कुरिअर कंपनीही आपलं शुल्क लावते.

एका पुस्तकाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. तुम्ही घरून बोली लावली आणि ३०० युरोला हातोडा पडला. मनात आलं, तीस हजारांत मिळालं!

कमिशन ३० टक्के धरलं तर ९० युरो. ऑनलाइन शुल्क करासह १.८ टक्के, म्हणजे ५.४० युरो. पॅकिंग, कुरिअर आणि विमा मिळून ७० युरो धरा. बेरीज झाली ४६५.४० युरो. त्यावर कार्डाचे साडेतीन टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे १९ युरो. एकूण झाले साधारण ४८५ युरो, म्हणजे ४८,५०० रुपये. कस्टम्सचं शुल्क अजून यायचंच आहे!

आता हाच हिशेब उलटा करा. घरखर्च, मुलांची फी, हप्ते बाजूला काढून या छंदासाठी तुमच्याकडे कस्टम्स सोडून तीस हजारच असतील, तर बोली कुठे थांबवायची? वरच्याच दरांनी उत्तर येतं १६५ युरो. तीनशे नाही आणि दोनशेही नाही! हा आकडा लिलावाच्या आदल्या रात्री कागदावर लिहा आणि घरातल्या माणसांना दाखवा. खोलीत चढाओढ लागली की 'आणखी फक्त दहा युरो' असं मन म्हणतं. पण कमिशन, ऑनलाइन शुल्क आणि बँक धरून ते दहा युरो जवळजवळ चौदा होतात.

स्वतः गेलात तर

प्रवासाला गेलेलाच असाल तर काही थर गळून पडतात. खोलीत बसून हात वर केला की ऑनलाइन शुल्क नाही. पुस्तक सामानातून आणलं की कुरिअर नाही. वरचं पुस्तक मग साधारण ४०६ युरोला पडतं.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२५ पासून कलावस्तू आणि संग्राह्य वस्तूंसाठी कराचा दर ५.५ टक्के आहे. वस्तू युरोपीय संघाबाहेर नेल्याचा पुरावा दिला तर बिलात लावलेला कर परत मिळू शकतो. पैसे भरतानाच त्याची कागदपत्रं मागा. विमानतळावर सामान देण्याआधी 'पाब्लो' नावाच्या यंत्रावर ती स्कॅन करायची असतात, म्हणून थोडा वेळ हाताशी ठेवून निघा. भारतात उतरल्यावर करमुक्त सामानाची मर्यादा ओलांडली असेल तर ते जाहीर करा आणि बिल हातात ठेवा.

मूळ चित्र घेणार असाल तर आणखी एक प्रश्न आधी विचारा. पन्नास वर्षांहून जुन्या आणि विशिष्ट किमतीवरच्या चित्रांना फ्रान्सबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो. तो मिळेपर्यंत तुमची सुट्टी संपलेली असेल.

लिलावाआधीची पायपीट

बोली लावण्याआधी एक सकाळ दुकानं फिरण्यात घालवा. द्रुओपासून चालत जाण्याच्या अंतरावर पासाज व्हेर्दो, पासाज झुफ्रुआ आणि पासाज दे पानोरामा ही काचेच्या छपराखालची जुनी बाजारगल्ली आहेत. तिथे जुनी पुस्तकं, छापील चित्रं आणि पोस्टाची तिकिटं यांची दुकानं आहेत. नोत्र दामच्या चर्चजवळच्या र्‍यू दांत या रस्त्यावर कॉमिक्सची दुकानं आहेत. सीनच्या काठावर हिरव्या पेट्यांमधून जुनी पुस्तकं विकणारेही भेटतील. शनिवार-रविवार असेल तर पंधराव्या विभागातल्या झॉर्झ ब्रासां बागेजवळ जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मुलांना बाग आणि तुम्हाला पुस्तकं!

या ठिकाणी चिठ्ठीवर लिहिलेली किंमत हीच तुमची किंमत असते. त्यावर लिलावाचं कमिशन चढत नाही. लिलावातलं ३०० युरोचं पुस्तक दुकानात ३६० ला दिसलं, तर महाग वाटेल. पण तुम्ही आताच केलेला हिशेब आठवा. लिलावातलं ते पुस्तक कार्डाचा खर्च धरण्याआधीच ३९० युरोला पडत होतं. म्हणजे दुकानदारच स्वस्त!

आणि काहीच घ्यायचं नसेल तरी द्रुओत जरूर जा. मागच्या रांगेत बसा, मुलांना शेजारी घ्या. फार महत्त्वाची वस्तू असेल तर कधी कधी हातोडा पडल्यावर सरकारी संग्रहालयाचा माणूस उभा राहतो आणि त्याच किमतीला ती देशासाठी मागून घेतो. बोली जिंकलेल्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होतो! ही सगळी गंमत पाहायला एक युरोही लागत नाही. फक्त एक काळजी घ्या, खिशातला आकडा लिहिलेला नसेल तर हात मांडीवरच राहू द्या.