असून अडचण

ब्रेकचा बूस्टर काढल्यापासून बॉनेट उघडलं की बरं वाटतं. तेच खुपतंय.

गाडी १९९० सालची मिनी, ९९८ सीसी, लाँगब्रिजच्या कारखान्यातली. बर्मिंगहॅमच्या ज्या टोकाला मी राहतो तिथून तो कारखाना, म्हणजे आता त्याची जागा, चालत जाण्याइतकी जवळ आहे. इथे सगळे बूस्टरच्या डब्याला सर्वो म्हणतात. माझ्या तोंडी बूस्टरच येतं, कारण ब्रेकबद्दल जे थोडंफार कळतं ते पुण्यात एका मेकॅनिकच्या खड्ड्याशी उकिडवं बसून कळलेलं आहे. सर्वो हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ गुलाम. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला तो चिकटलेला असतो. मालक नि गुलाम एकाच कोपऱ्यात, आणि जागा अडवल्याचा आरोप गुलामावर.

जागा खरंच नव्हती. अलेक इसिगोनिसने १९५९ साली ही गाडी काढली ती दहा फूट लांबीची, आणि त्यातली बहुतेक लांबी माणसांना नि सामानाला देऊन टाकली. उरलेल्या चिंचोळ्या जागेत इंजिन आडवं कोंबलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सारला, दोघांना तेल एकच. चाळीतल्या खोलीत पाहुणे आले की पलंगाखाली गाद्या सरकवतात तसं. पुढे मिनीला सरसकट बूस्टर आला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. तो काळा, फुगीर डबा ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यात असा काही बसला होता की क्लचचं तेल बघायला मनगट वाकडं करावं लागे. त्यात वरच्या रबरी नळीला चिरा पडलेल्या, खालच्या पत्र्यावर गंजाचं वर्तुळ. रविवारी दहा-बारा जण आपापल्या मिन्या घेऊन जमतात, बॉनेटं वर करून टेकणाच्या सळईवर टेकवतात आणि एकमेकांच्या पोटात डोकावतात. काहींच्या गाड्यांत आत एक वायर दिसत नाही. रंगवलेला पत्रा, चकचकीत कार्ब्युरेटर आणि मध्ये नुसती हवा. मी आपलं बॉनेट जरा लवकरच खाली करत असे.

मग दोन शनिवार घालवले. बूस्टर उतरवला, पेडलपासून निघणारी सळई बदलली, बिनबूस्टरचा मास्टर सिलिंडर बसवला, चारही चाकांच्या ब्रेकची एअर काढली, गंज घासून रंग दिला. त्या कोपऱ्यात आता मूठ फिरवता येते.

आजीचं एक वाक्य तेव्हापासून डोक्यात वाजतंय. असून अडचण, नसून खोळंबा. सगळ्या मराठी घरांत वाजतं तसंच, त्यात विशेष काही नाही. बायका हसत हसत नवऱ्याबद्दलही म्हणतात. पण ब्रेकच्या संदर्भात ते घोळवायला लागलो आणि ते उलटंच व्हायला लागलं. अडचण म्हणजे अडवणारी गोष्ट, खोळंबा म्हणजे अडकून पडणं. असली तरी थांबवते, नसली तरी थांबवते, अशा वस्तूची ही तक्रार आहे. ब्रेकला याहून मोठं प्रशस्तिपत्रक कोण देणार? आणि बूस्टर नसताना नेमका होत नाही तो खोळंबाच. लिकी टेकड्यांच्या उतारावर गेल्या महिन्यात पुढे कचऱ्याची लॉरी थांबली होती, तेव्हा खोळंबा लॉरीचा झाला होता, माझा व्हायला हवा होता आणि होता होईना. झाला, पण मांडीपर्यंत जोर लावल्यावर. शेजारी बायको होती. तिच्या बाजूला पेडल नाही, तरी तिने पाय दाबून धरला होता आणि गाडी थांबल्यावरही तो काढला नाही.

आजी हे कशाबद्दल म्हणायची ते मात्र मला नीट माहीत नाही. आमच्या बोळवजा ओसरीत आत्याआजीची ट्रंक असे. हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण तिच्यावर नडगी आपटून घेई. वाक्य तेव्हा यायचं. ट्रंकेवर, असं आम्ही मुलं धरून चालायचो. आत्याआजी ट्रंकेशेजारीच पथारी टाकून झोपायची, तेव्हा तिला ते ऐकू जात असणार.

ती काय करायची? काहीच नाही, असंच म्हणावं लागेल. स्वयंपाक आईचा, बाजार बाबांचा. ती निवडटिपण करी आणि बसून राही. एक मात्र होतं. बाबांचा आवाज बेताचा. ते खोलीतून म्हणत, दिवे मालवा आता. ओसरीतून आत्याआजी म्हणे, "ऐकलंत का रे, काय म्हणतोय तो?" आणि दिवे जात. पुढे ती नाशिकला धाकट्या पुतण्याकडे गेली, ट्रंकही गेली. बाबा ओसरीच्या दारात उभे राहून म्हणाले, किती मोकळं झालं. आणि त्या पावसाळ्यापासून बाबा ओरडायला लागले.

बूस्टरही स्वतः ब्रेक लावत नाही. आत एक पडदा असतो. इंजिन श्वास आत ओढतं त्या ओढीने पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा काढून घेतलेली असते. पेडल दाबलं की एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसरीकडे पोकळीच राहते, आणि वातावरणच पडद्याला ढकलतं. सात इंची डबा धरला तर पावणेदोनशे किलोच्या आसपास जोर होतो. हे सगळं डब्याने फक्त एक बाजू रिकामी ठेवल्यामुळे. आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरने १९२७ च्या सुमारास हे जमवलं. बाहेर केवढी हवा आपल्याला दाबून बसलेली असते आणि आपल्याला तिचा पत्ता नसतो, हे कुणाला तरी डब्यात पकडून दाखवावं लागलं.

हे सगळं मी फोनवर बहिणीला सांगितलं. ट्रंक, आत्याआजी, बाबांचा आवाज, पडदा, पोकळी. मला वाटलं तिला भरून येईल. ती म्हणाली, "अरे, बाबांचा आवाज आधीपासूनच चढा होता. आत्याआजीला कमी ऐकू यायचं म्हणून. ती 'काय म्हणतोय तो' विचारायची ते खरंच विचारायची. तिला कळलेलं नसायचं."

मग दिवे कोण मालवायचं?

"मी," बहीण म्हणाली. "मला अभ्यासातून सुटायचं असायचं."

म्हणजे माझ्या आठवणीतलं एवढं यंत्र गेलं. गंमत म्हणजे बाबांचा बेताचा आवाज मला अजूनही ऐकू येतो. बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिचंच खरं असणार. की तिला आधीचे बाबा आठवतात आणि मला नंतरचे? पण मग माझे बाबा तिच्या बाबांहून मऊ कसे?

इसिगोनिसबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ड्रायव्हरने फार आरामात बसू नये, अशा मताचा तो होता. अवघडलेला माणूस जागा राहतो म्हणे. त्याने मूळ गाडीत रेडिओला जागा ठेवली नव्हती. हे आठवलं की मला माझ्या रिकाम्या कोपऱ्याचा अभिमान वाटतो. ब्रेक आता मला कळतो, चाक कुठे धरतंय ते तळपायाला समजतं, सिग्नल लांबून दिसला की पाय आधीच तयार होतो. वार्षिक तपासणीत रोलरवर चाकं चढवली तेव्हा आकडे उत्तम आले. रोलर चाक किती आवळलं ते सांगतो, त्यासाठी पाय किती दाबला ते विचारत नाही. आणि लगेच हेही आठवतं की १९६३ सालच्या कूपर एसला बूस्टर होता, आणि त्याच जातीच्या गाड्यांनी माँटे कार्लो रॅली जिंकली. त्या ड्रायव्हरांना जागं ठेवायला जड पेडल लागलं नसावं.

बायकोचा उजवा गुडघा दुखतो. पूर्वी ती गुरुवारी लायब्ररीला मिनी न्यायची. आता बसने जाते. बस बरी पडते म्हणते, पार्किंगची कटकट नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रविवारी मात्र बॉनेट वर केलं तेव्हा एक जण बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, सुरेख. मला खरंच बरं वाटलं.

बूस्टर मी भंगारात टाकलेला नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून जिन्याखाली ठेवलाय, जुना मास्टर सिलिंडरही. मॅनिफोल्डवर जिथे त्याची नळी लागायची तिथे पितळी बूच बसवायचं होतं, तेही मागवलं नाही. नळीचा दोन इंच तुकडा, त्यात उलटा खुपसलेला बोल्ट आणि वरून क्लिप, एवढ्यावर सध्या भागतंय.