नववा कॉलर

माझ्या वडिलांनी पहिली रेडिओ स्पर्धा दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसून खेळली, आणि ती कोलंबोहून चालायची. सिनेमाची गाणी आकाशवाणीला शोभत नाहीत असं 1952 मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांना वाटलं. श्रोत्यांनी वाद न घालता शॉर्टवेव्हची सुई रेडिओ सिलोनवर नेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, बुधवारी रात्री आठला. आज गीतमाला म्हटलं की पायदान आठवतं, पण सुरुवातीला ती चक्क स्पर्धा होती. निवेदक अमीन सयानी सात गाणी ऐकवायचे, श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लावून धाडायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली. पुढे आठवड्याला 60,000 च्या वर यायला लागली, तेव्हा तपासणारे मेटाकुटीला आले आणि 1954 च्या अखेरीस स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारी सुरू झाली.

वडील तेव्हा शाळकरी होते. आजोबा गार्ड, त्यामुळे पोस्टकार्ड टाकायला पोस्टात जायची गरज नसे. पत्रं मुंबईच्या पत्त्यावर जायची. मुंबईकडे जाणाऱ्या मेल गाडीच्या आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या, डब्यालाच पत्रपेटीची फट असायची. जादा तिकीट लावायचं आणि कार्ड आत सरकवायचं. दौंडचं कार्ड असो की दादरचं, पोचल्यावर एकाच ढिगात पडायचं. बक्षीस काही लागलं नाही. सात गाण्यांचे क्रम 5,040 तऱ्हांनी लागू शकतात हे मला कॉलेजात कळलं, तेव्हा मी घरी येऊन सांगितलं. वडील म्हणाले, “लता पहिली धरली की निम्मं काम होतं.”

माझ्या लहानपणी रेडिओ होता, पण चुरस नव्हती. पुणे केंद्रावर ‘आपली आवड’ला पत्र पाठवायचं आणि गाण्याआधी आपलं नाव येतं का ते ऐकत बसायचं. पुढे स्पर्धा टीव्हीवर गेल्या. ‘सुरभि’च्या प्रश्नांना इतकी कार्डं जाऊ लागली की पोस्टाने स्पर्धेसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढलं. पंधरा पैशांच्या जागी दोन रुपये!

मग मी रांजणगावच्या एमआयडीसीत लागलो, शिरूरला घर केलं आणि पुण्यात खासगी एफएम आलं. ‘नववा कॉलर जिंकणार’ हे तिथलं. प्रश्न मुद्दाम सोपा, शेंबडं पोरही सांगेल असा. कारण प्रायोजकाला हुशार माणूस नको असतो, फोनची झुंबड हवी असते. आमची अडचण उत्तराची नव्हतीच, स्टेशन आणि फोन लागण्याची होती. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर जाते. एफएमचं तसं नाही, त्याला सरळ वाट लागते. पुण्यापासून सत्तरेक किलोमीटरवरच्या शिरूरला ते गच्चीवर वायर ताणल्याशिवाय धड लागायचं नाही. शिवाय पुणेकर थेट नंबर फिरवायचा, आम्हाला आधी 95 आणि 20 लावावे लागायचे. तेवढ्यात त्यांचा नववा होऊन जायचा. वडिलांना मुंबई जितकी जवळ होती तितकं आम्हाला पुणेही नव्हतं, असं माझं मत अजून आहे.

तरी एकदा हिचा फोन लागलाच. “आधी रेडिओ बंद करा,” पलीकडून पहिलं वाक्य. रेडिओ चालू राहिला तर त्याचा आवाज फोनमधून परत आत जातो आणि शिट्टी वाजते. “कुठून बोलताय?” “शिरूर.” “ते कुठे आलं?” “घोडनदी हो! नगर रोडला.” उत्तर बरोबर, दोन सिनेमाची तिकिटं. ही गच्चीवरून ओरडत खाली आली. रेडिओ पुन्हा लावला, तर गाणंच चालू. ते संपल्यावर आमच्या स्वयंपाकघरात हिचा आवाज घुमला. तेव्हा समजलं की फोन गाणं चालू असतानाच ध्वनिमुद्रित करतात, काटछाट करतात आणि मग लावतात. उशीर झाला ते बरंच झालं, शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुना वेळेत जमल्या. घोडनदी तेवढी कापली होती. तिचा राग हिला तिकिटांच्या आनंदापेक्षा जास्त दिवस पुरला.

तिकिटं ओळखपत्र दाखवून पुण्यातल्या ऑफिसातून न्यायची, खेळ शुक्रवारी दुपारचा. दोन वेळा एसटीचं भाडं आणि माझी बुडणारी पाळी धरली तर शिरूरच्या थिएटरात सगळ्या आळीला सिनेमा दाखवून झाला असता. आम्ही गेलो. ही रेशमी साडी नेसून गेली. तेव्हा पाच हजारांच्या वरच्या बक्षिसातून 30 टक्के कर आधीच कापत, तसं तिथल्या मुलीने गंभीरपणे सांगितलं. तिकिटांना तो लागू नव्हता.

आता उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. 95 गेलं, गच्चीही सुटली. रेडिओ मोबाइलवर कुठेही लागतो. दौंडला फलाटावरून पाठवलेलं उत्तर आणि कोथरूडमधून पाठवलेलं, दोन्ही एकाच यादीत पडतात. मध्यंतरी धाकटीला एका हॉटेलचं व्हाउचर लागलं. ते हॉटेल पुण्याच्या वेशीवरच्या वाघोलीच्या अलीकडे कुठेच नव्हतं. तिने ते पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या मैत्रिणीला पाठवून दिलं. मैत्रीण आमच्याच तालुक्यातल्या न्हावऱ्याची, तिने खाऊन फोटो पाठवला.