तळ्यातल्या माशांच्या खाद्याच्या वेळा

रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांना खरे जठर नसते. गिळलेले अन्न साठवायला जागाच नाही. ते थेट लांबलचक आतड्यात उतरते. म्हणून दिवसाचे सगळे खाद्य एकदम टाकले, तर बरेचसे धड न पचता बाहेर पडते. तेवढेच दोन-तीन वेळा विभागून दिले की अंगी लागते. मागूरला जठर असते, त्याचे कमी वेळांत भागते. बोटुकलीची भूक मोठी आणि आतडे तोकडे, तेव्हा तिला दिवसातून चार-पाच वेळा द्यावे लागते. मोठ्या माशाला वजनाच्या 2-3 टक्के खाद्य दोन वेळांत पुरते.

एकवेळच्या खाद्याचा आणखी एक तोटा काढणीच्या दिवशी कळतो. दांडगे मासे आधी तुटून पडतात, दुबळे मागे राहतात आणि एकाच जाळ्यात किलोचे व पावशेराचे मासे निघतात. वेळा वाढवल्या की हा फरक कमी होतो. मात्र वेळा वाढवणे म्हणजे खाद्य वाढवणे नव्हे. ही गल्लत फार होते आणि महागात पडते: उरलेली पेंड तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, कल्ले खराब होतात, मासा रोगाला बळी पडतो.

खरी कसोटी प्राणवायूची. तो पहाटे सर्वांत कमी असतो, आणि अन्न पचवायलाही माशाला जादा प्राणवायू लागतो. त्यामुळे पहिले खाद्य ऊन वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमारास द्यावे. शेवटचे मावळतीच्या बरेच आधी. भल्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात, ती भूक नव्हे, घुसमट असते. तेव्हा खाद्य टाकणारा संकट वाढवतो. आभाळ भरलेले असेल तर खाद्य निम्मे करावे किंवा खाडाच करावा. थंडीत पाणी 20 अंशांखाली गेले, की दुपारी एकदाच थोडेसे दिलेले पुरते.

आंध्रातल्या तळ्यांवर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा भोके पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगतात. मासे हवे तेव्हा टोचून खातात, वेळा मोजण्याचा प्रश्नच मिटतो. पोती नसतील तर पाण्यात परात सोडावी. दोन तासांनी तिच्यात खाद्य उरलेले दिसले, तर पुढच्या वेळेचे खाद्य कमी करावे.